एका लग्नाची तीन साले : बळदात सापडलेल्या दफ्तराचा प्रकरण अभ्यास

धाराशिव जिल्ह्यात, जुन्या बार्शी–लातूर छोट्या रेल्वेच्या पट्ट्यातल्या एका गावात माळवदी, म्हणजे सपाट मातीच्या छताचा, वाडा उतरवायला घेतला होता. ढेळजेला लागून असलेल्या खोलीच्या भिंतीत धान्याचे बळद होते. ते फोडल्यावर तळाच्या भुशात मांजरपाटात बांधलेले एक दफ्तर निघाले. आत एक लांबट कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), लग्नाची याद (लग्नाचे टिपण), बार्शीच्या कापड दुकानाचे बिल, उर्दूत छापलेल्या काही पावत्या, दोन पोस्टकार्डे, कर्जाची खते आणि वर्तमानपत्राचे चार तुकडे होते.

घरच्यांना दोन गोष्टी हव्या होत्या. पणजोबांच्या थोरल्या मुलीचे लग्न नेमके कोणत्या साली झाले, आणि त्या काळात घर कसे चालत होते. आज्जी नेहमी सांगायच्या की ते लग्न "दुष्काळात उरकलं". कागद पाहून घरच्यांनी आधी १९१८ साल काढले, नंतर १९२०. दोन वेगवेगळे कागद १९२० कडे बोट दाखवत होते, त्यामुळे तेच कायम केले आणि आज्जींची आठवण चुकीची ठरवली, कारण मे १९२० मध्ये दुष्काळ पडायचा होता. प्रत्यक्षात लग्न मे १९२१ मधले निघाले. हे साल का हुकले आणि कसे सापडले, हे सविस्तर पाहण्यासारखे आहे. मराठवाड्यातली अशी दफ्तरे वाचताना याच जागी पाय घसरतो.

आधी कागद वाचवणे

दफ्तर निघाल्याबरोबर कोणीतरी ते अंगणात उन्हात पसरले. जुन्या कागदाला ओल लागली की ऊन दाखवायचे, हा आपल्याकडचा सर्रास समज आहे आणि तो घातक आहे. गिरणीचा कागद उन्हात ठिसूळ होतो, घडीवर तुटतो, आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचा मजकूर फिका पडतो. शिवाय पसरताना कागदांचा मूळ क्रम गेला. सुदैवाने गाठ सोडल्यावर एका मुलाने मोबाइलवर दोन फोटो काढले होते. त्यांत बस्त्याचे, म्हणजे लग्नाच्या कापडखरेदीचे, बिल आणि करोडगिरीची, म्हणजे सरहद्दीवरच्या जकातीची, पावती लग्नाच्या यादीच्या घडीत एकत्र दिसतात. पुढे तारीख लावताना हे दोन फोटो फार कामी आले.

असे दफ्तर हाती आले तर सावलीत, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या कापडावर, पंख्याचा झोत थेट न लावता वाळू द्यावे. कसर किंवा वाळवीची शंका असेल तर जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करावे आणि उणे १८ ते २० अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावे. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे साधारण एक दिवस, तशीच बंद ठेवावी. घाई केली तर हवेतली वाफ गार कागदावर धरते आणि शाई ओली होते.

माळवदाची पांढरी माती कागदावर बसलेली असते. ती ओल्या बोळ्याने पुसली की तिथेच मुरते. कोरड्या, मऊ, रुंद ब्रशने मधून कडेकडे झाडावी. मग प्रत्येक कागदाच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा: दफ्तर, बंद, ताव. क्रम ओबडधोबड वाटला तरी सापडला तसाच नोंदवावा, विषयवार लावण्याचे काम वेगळ्या सूचीत करावे, कागदांवर करू नये. फोटो दोन्ही बाजूंचे, कोऱ्या पाठीचेसुद्धा, शेजारी फूटपट्टी ठेवून घ्यावेत. चिकटपट्टी, डिंक आणि लॅमिनेशन या तिन्हींना हात लावू नये. लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक कागदात कायमचे जातात, ते परत काढता येत नाही.

घडी सोडवताना शाई ओळखणे आवश्यक असते. बोरूने लिहिलेली काजळाची शाई शंभर वर्षांनंतरही काळीभोर राहते, पण ती डिंकात कालवलेली असल्यामुळे पाणी लागले की फरफटते. बाटलीतली निळी-काळी लोहयुक्त शाई पाण्याला तुलनेने टिकते, पण काळाच्या ओघात तपकिरी होते आणि कागद खाते. या दफ्तरातल्या कीर्दीत दोन्ही होत्या. रोजच्या नोंदी काजळाच्या, महिन्याअखेरीच्या बेरजा निळ्या-काळ्या. त्यामुळे बेरजांच्या जागी कागदाला बारीक चिरा गेल्या होत्या. कीर्दीचा कागद हातबनावटीचा, जाड आणि तंतूदार. असा कागद दौलताबाद–खुलताबाद वाटेवरच्या कागजीपुऱ्यात पिढ्यान्पिढ्या होत आला आहे, पण म्हणून हा तिथलाच असे म्हणता येत नाही. उजेडासमोर धरल्यावर चाळणीच्या काड्यांच्या रेघा दिसल्या, गिरणीचा छाप दिसला नाही, एवढेच नोंदवावे.

तीन पंचांगे, एक दिवस

निजामाच्या राज्यात एकाच घरात तीन-चार कालगणना नांदत होत्या. घरातली याद शालिवाहन शकाने, सरकारी पावती फसली या महसुली सालाने, मारवाडी दुकानदाराचे बिल विक्रम संवताने आणि बार्शीच्या पोस्टाचा ठसा इंग्रजी तारखेने. बार्शी हा इंग्रजी मुलूख, भोवती निजामाची हद्द. त्यामुळे या पट्ट्यातल्या दफ्तरांत हा गुंता हमखास असतो.

फसली सालात ५९० मिळवले की इसवी साल मिळते, हे सगळ्यांना पाठ असते. करोडगिरीच्या पावतीवर "तीर १३३० फ" असे होते. १३३० अधिक ५९० म्हणजे १९२०. बिलावर संवत १९७७ होते. संवतातून ५७ वजा करायचे, हेही पाठ असते. १९७७ वजा ५७ म्हणजे पुन्हा १९२०. दोन स्वतंत्र कागद एकाच सालावर आले, म्हणून घरच्यांची खात्री पटली.

पण दोन्हीकडे चूक एकच होती. हैदराबादचे फसली साल आझुर महिन्यापासून, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होत असे. ५९० मिळवायचे ते ऑक्टोबर ते डिसेंबर या काळापुरते. जानेवारीपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंत ५९१ मिळवावे लागतात. आझुर, दय, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहेर, आबान हा महिन्यांचा क्रम लिहून समोर ठेवावा. तीर हा आठवा महिना, मे-जूनमध्ये पडतो. म्हणून तीर १३३० म्हणजे मे-जून १९२१. पेशवाई दप्तरातले फसली साल मृगापासून, जूनच्या सुरुवातीला लागते. पुण्याकडची कागदपत्रे वाचून सरावलेला माणूस तोच नियम इथे लावतो आणि काही महिन्यांचा घोळ करतो. पावतीवर आझुर, तीर अशी इराणी महिन्यांची नावे असतील तर हिशेब हैदराबादचाच धरावा.

संवताची गोष्ट तशीच. दुकानदार वहीपूजन दिवाळीला करत असेल तर त्याचे साल कार्तिकात बदलते. दिवाळी ते डिसेंबर ५७ वजा, जानेवारी ते पुढची दिवाळी ५६ वजा. संवत चैत्रात बदलणारा दुकानदार असेल तर हिशेब वेगळा. भर म्हणजे उत्तरेकडच्या पद्धतीत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे वद्य पक्षाचे नाव एका महिन्याने पुढे असते. आपला वैशाख वद्य म्हणजे त्यांचा जेठ वदि.

बिलावर "जेठ वदि २ सोमवार संवत १९७७" असे होते, यादीत लग्नाची मिती वैशाख वद्य ५. घरच्यांनी यावरून लग्न वैशाखात आणि बस्ता पुढच्या महिन्यात, म्हणजे कापड उधारीवर आणून मागाहून बिल केले, असा अर्थ लावला होता. तो सोडवायला वार पुरला. जेठ वदि २, संवत १९७७ याचे चार अर्थ निघू शकतात: साल कार्तिकी किंवा चैत्री, महिना पौर्णिमान्त किंवा अमान्त. पंचांगावरून ते मे १९२० चा पहिला आठवडा, जून १९२० ची सुरुवात, २३ मे १९२१ आणि जून १९२१ चा चौथा आठवडा असे येतात. या चारांत सोमवार एकच, २३ मे १९२१. म्हणजे दुकानदाराचे साल दिवाळीचे आणि महिना उत्तरेकडचा होता. बस्ता सोमवारी बांधला आणि त्यानंतर तीन दिवसांनी, २६ मेच्या सुमारास लग्न लागले. उधारीची कथा तिथेच संपली.

यादीच्या मथळ्याचा कोपरा उंदरांनी कुरतडला होता. शकाचा आकडा गेला होता आणि उरला होता एक तुकडा: "…र्मती नाम संवत्सरे". आधीच्या वाचनात तो "श्रीमती नाम" असा लागला होता आणि कोणा बाईचे नाव समजून सोडून दिला होता. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसतात, शब्दांत जागा सोडत नाहीत, आणि अक्षरे शिरोरेषेखाली ओघाने जातात. त्यामुळे सुटा तुकडा वाचताना अशी फसगत होते. "नाम संवत्सरे" पुढे दिसल्यावर मात्र साठ संवत्सरांची यादी काढून बसावे. "मती"वर संपणारे त्यांत एकच आहे, दुर्मती. शके १८४३ हे दुर्मती संवत्सर, गुढीपाडवा एप्रिल १९२१ चा. त्याआधीचे दुर्मती १८६१ साली, त्यानंतरचे १९८१ साली. वैशाख पाडव्यानंतर लगेच येतो, म्हणून मे १९२१. फसली, संवत-वार आणि संवत्सर हे तीन धागे आता खरोखर स्वतंत्र होते, आणि तिन्ही एका आठवड्यात येऊन बसले.

पोस्टकार्डाने यात थोडी भर घातली. बार्शीच्या दुकानदाराचे कार्ड पाव आण्याचे आहे. इंग्रजी टपालात पाव आण्याचे कार्ड १९२२ मध्ये अर्ध्या आण्याचे झाले. ठशावर महिना दिसतो, साल फासले गेले आहे. तेवढ्यावरून १९२१ ठरत नाही, पण १९२२ नंतरचे नाही असा अंदाज घट्ट होतो. मजकूर मोजका आहे: मागील बाकी पाठवल्यावाचून बस्ता बांधता येणार नाही. लग्नाला तीन दिवस उरले असताना खरेदी का झाली, याचे उत्तर बहुधा याच ओळीत आहे.

२१० आणि २४५

घरच्यांचा दुसरा प्रश्न पैशांचा होता. दुकानाच्या बिलाची बेरीज २१०, घरच्या कीर्दीत त्याच बस्त्याचा खर्च २४५. मधले ३५ रुपये कोणी खाल्ले, असा संशय एका जुन्या कारभाऱ्यावर शंभर वर्षांनी घेतला जात होता.

निजामाच्या राज्यात हाली शिक्का चालायचा. चारमिनार असलेला चांदीचा रुपया, आणि १९१८ पासून संस्थानच्या कागदी नोटा. इंग्रजी रुपयाला लोक कलदार म्हणत. कलदार शंभर म्हणजे हाली ११६ रुपये १० आणे ८ पै, सोपे करून ६ कलदार बरोबर ७ हाली. बाजारात हा भाव थोडा वरखाली होई, म्हणून प्रत्येक हिशेब स्वतंत्र ताडून पाहावा लागतो. इथे २१० ला ६ ने भागून ७ ने गुणले की बरोबर २४५. दुकान बार्शीचे म्हणून बिल कलदारात, घर निजामाच्या हद्दीत म्हणून कीर्द हालीत. कारभारी निर्दोष.

पडताळा करोडगिरीच्या पावतीने दिला. बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वसाधारण दर शेकडा ५ होता. २४५ वर शेकडा ५ म्हणजे सव्वाबारा. कीर्दीत "करोडगिरी १२।" अशी नोंद आहे. घरच्यांनी ती १२१ वाचली होती आणि इतकी जकात कशी, म्हणून चक्रावले होते. जुन्या जमाखर्चात आकड्यापुढची एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढच्या आडव्या रेघा सुट्या आण्यांच्या: एक आडवी एक आणा, दोन आडव्या दोन, तीन आडव्या तीन. म्हणजे "१२।" हे १२ रुपये ४ आणे. बोरूचा फराटा जाड असला की ही उभी रेघ आणि १ चा आकडा सारखेच दिसतात. शंका आली की त्या पानाची बेरीज करून पाहावी. लिहिणाऱ्याची बेरीज आणि आपली बेरीज जुळली तरच वाचन बरोबर.

उर्दू पावतीवर रक्कम आकड्यांत नव्हती, रकम लिपीत होती. ही सियाक पद्धत, अरबी संख्यावाचक शब्दांची आखडून केलेली रूपे. उर्दू चांगले येणाऱ्यालाही ती न शिकता वाचता येत नाही. उर्दू वाचणारा मिळाला म्हणजे पावती वाचून झाली, असे समजू नये. या पावतीवरचा रकमेचा आकार आणि शेजारी मुन्शीने बारीक अक्षरात लिहिलेला "बारा रुपये चार आने" हा मजकूर एकमेकांशी ताडता आला, म्हणून ते काम सोपे झाले.

मण किती पायल्यांचा

धान्याच्या नोंदी मण-पायलीत होत्या. पायली चार शेरांची, खंडी वीस मणांची, इथपर्यंत वाद नाही. पण मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. गावागावात फरक. इंटरनेटवरचे कोष्टक उचलून लावले तर वर्षाचा हिशेब पाव हिश्शाने चुकतो.

याचे उत्तर त्याच वहीत असते. कीर्दीत एके ठिकाणी शिल्लक ३ मण, दिले २० पायली, बाकी १ मण १२ पायली अशी ओळ आहे. मण बारा पायल्यांचा धरला तर बाकी १ मण ४ पायली यायला हवी. सोळाचा धरला तर ४८ वजा २० म्हणजे २८, अर्थात १ मण १२ पायली. म्हणजे या घरात मण सोळा पायल्यांचा. अशा दोन-तीन वजाबाक्या शोधाव्यात, एकीवर विसंबू नये, कारण लिहिणाराही चुकतो.

पायली हे मापाचे भांडे आहे, वजन नाही. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई यांचे वजन वेगळे भरते. किलोत सांगायचेच असेल तर गावात जुनी पायली मिळवून त्यात तेच धान्य भरून तोलावे, आणि माप शिगेचे की सपाट हे लिहून ठेवावे. तूप, गूळ, कापूस मात्र वजनावर जात. तिथे पक्का शेर ८० तोळ्यांचा, पल्ला १२० शेरांचा. एकाच पानावर मापाचा शेर आणि वजनाचा शेर दोन्ही भेटतात. पदार्थ कोणता हे पाहिल्याशिवाय शेराला अर्थ नाही.

वर्तमानपत्राचे चार तुकडे

१९१८ हे साल आले कुठून? लग्नाची याद ज्या वर्तमानपत्रात गुंडाळली होती त्यात मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीची बातमी होती आणि महायुद्ध अजून चालू होते, म्हणजे तुकडा १९१८ च्या शरद ऋतूतला. घरच्यांनी तीच यादीची तारीख धरली.

वेष्टनाचा कागद एवढेच सांगतो की आतली वस्तू त्या दिवसानंतर गुंडाळली. किती नंतर, ते सांगत नाही. पुण्याहून येणारे साप्ताहिक गावात अनेक हातांतून जाई, आणि मग रद्दी म्हणून वर्षानुवर्षे पुड्या बांधायला वापरले जाई. चार तुकड्यांची कड पाहिली की हे स्पष्ट होते. तीन तुकडे हाताने फाडलेले आहेत, चौकोनी घडीचे, एकावर हळदीचा डाग, दुसऱ्यावर तेलकट गोल. या पुड्या. चौथा कात्रीने कापलेला आहे, आणि कात्री एका बाजूच्या स्तंभाच्या काठाने नीट फिरली आहे. त्या बाजूला मानमोडीवरच्या काढ्याची कृती अथपासून इतिपर्यंत आहे. पाठच्या बाजूला जाहिरातीचा मजकूर मध्येच तुटतो. म्हणजे हे कात्रण काढ्यासाठी जपले गेले. कात्रणाच्या दोन्ही बाजू वाचाव्यात आणि कोणती बाजू पूर्ण आहे ते पाहावे. जपणाऱ्याला काय हवे होते ते तिथे कळते.

वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, आम्लधर्मी. शेजारच्या कागदावर तो तपकिरी सावली उमटवतो. बिलाच्या पाठीवर अशी चौकोनी सावली होती. दोन कागद दीर्घकाळ एकमेकांना चिकटून होते, इतकाच तिचा पुरावा. तारखेसाठी ती निरुपयोगी. पुढे नुकसान होऊ नये म्हणून वर्तमानपत्राचे तुकडे मात्र वेगळ्या आम्लरहित लिफाफ्यात ठेवणे भाग असते.

घर कसे चालत होते

साल ठरल्यावर कीर्द दुसऱ्यांदा वाचली, आणि ती वेगळीच बोलू लागली. कीर्द दिवाळी १९१९ ते आषाढ १९२१ अशी आहे. पहिल्या वाचनात लग्न मे १९२० ला बसवल्यामुळे त्यानंतरची धान्यखरेदी "लग्नात कोठार रिकामे झाले म्हणून" अशी समजली गेली होती.

पहिल्या वर्षी कीर्दीत ज्वारी विकत घेतल्याची नोंदच नाही. मीठ, रॉकेल, आगपेट्या, सुपारी, तंबाखू, बांगड्या, बैलांच्या वेसणी, नांगराचा फाळ शेवटवणे (धार काढून घेणे) हे आहे, आणि बहुतेक नोंदी आठवड्याच्या एकाच वारी, बाजाराच्या दिवशी. यावरून घर मीठ-तंबाखूवर जगत होते असे कोणी म्हणणार नाही. पण बाजाराच्या यादीवरून आहार काढण्याची चूक अभ्यासकही करतात. ज्वारी पेवात आणि बळदात होती, डाळ-दूध-तूप घरचे, अंबाडीची भाजी बांधावरची. ज्याला रोकड लागत नव्हती ते बाजाराच्या खर्चात उतरत नाही. चहाची नोंद दोन्ही वर्षांत नाही, आणि चहा विकतच आणावा लागत असल्यामुळे ही उणीव मात्र काहीतरी सांगते.

१९२० चा पावसाळा दख्खनमध्ये फार कमी झाला. या भागात रब्बीची ज्वारी परतीच्या पावसाच्या ओलीवर येते. ती ओल नसली की माघ-फाल्गुनात खळे रिकामे. कीर्दीत पौषापासून ज्वारी विकत घेतल्याच्या नोंदी सुरू होतात, आणि फाल्गुनात, एरवी नवे धान्य घरात यायच्या वेळी, त्या वाढतात. कडबा शेकडा पेंढ्यांनी विकत. चैत्रात एका बैलाची विक्री जमा बाजूला. त्याच पानावर पुढे बस्ता, वाजंत्री, मंडपाचे बांबू, पळसाच्या पत्रावळी. बैल विकून आणि दुकानदाराची बाकी भागवून लग्न उरकले, हे आता आकड्यांत दिसते. आज्जींनी वापरलेला शब्द अचूक होता.

दुसरा बदल लहान पण महत्त्वाचा. पहिल्या वर्षी दळणकांडपाच्या बायांना पायलीने धान्य दिलेले आहे. पौषानंतर तीच मजुरी आण्यांत. धान्य महाग असताना मजुरी रोकडीत वळवली की भार मजुरावर पडतो, कारण त्याच आण्यांत ज्वारी कमी येते. या बायांची नावे कुठेही नाहीत, "बाया ३" इतकेच. मुलीचे नावही यादीत नाही, "चि. सौ. कां." पुढे जागा कोरी. पण यादीच्या पाठीवर, वेगळ्या, अडखळत्या बाळबोध अक्षरात लुगड्यांची पाच ओळींची यादी आहे: कोणाला कोणत्या रंगाचे. मोडीत लिहिणारा कारभारी बाळबोध वापरत नाही. ही यादी घरातल्या कोणा शाळा पाहिलेल्या मुलाने किंवा मुलीने लिहिली असावी. दफ्तरात आतल्या घराची निवड थेट दिसते ती या पाच ओळींत, आणि पाठीचा फोटो घेतला नसता तर ती हुकली असती.

पुढची व्यवस्था

कर्जाच्या खतांत गावातल्या इतर घरांची नावे, अंगठे आणि जमिनीचे सर्वे क्रमांक आहेत. ती कुटुंबे आजही गावात आहेत. अशी खते व्हॉट्सअॅप गटांवर टाकू नयेत. इतिहासासाठी वापरायची तर नावे झाकून वापरावीत.

पावत्यांच्या गठ्ठ्यात एक मुंतखबची नक्कल निघाली. निजाम काळातल्या इनाम चौकशीच्या निकालाचा हा कागद जमिनीच्या दाव्यात आजही पुढे येतो. तो रद्दीत जाऊ देऊ नये, आणि सेतवार किंवा खासरा पाहणीपत्रक या जुन्या जमीननोंदींची नक्कल मिळाली तर त्याच्याशी ताडून एकत्र ठेवावा. मूळ कागद घरच्यांकडे राहिले. फोटोंचा संच, क्रमांकांची यादी आणि कालगणनेचा हिशेब यांची एक प्रत छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेख कार्यालयाला दाखवण्यासाठी तयार केली आहे. यादीत प्रत्येक तारखेपुढे तीन रकाने ठेवले: कागदावर आहे तशी तारीख, काढलेली इसवी तारीख, आणि ती कशावरून काढली. रकमेपुढे हाली की कलदार, धान्यापुढे माप की वजन. मधला रकाना चुकला असेल तर तिसऱ्या रकान्यावरून पुढचा वाचणारा तो दुरुस्त करू शकतो. दफ्तर परत धुतलेल्या, खळ नसलेल्या मांजरपाटात बांधले आहे. कोऱ्या कापडाची खळ कसरीला खाद्य होते, म्हणून ते आधी दोनदा गरम पाण्यातून काढले. लोखंडी पेटी टाळून लाकडी फडताळात, बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवले आहे. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर ते उघडून पाहायचे, असे घरच्यांशी ठरले आहे.